टेलिफोनच्या तारेवरील इंटरनेट : आधी माप समजून घ्या

व्यापारी बांधवांनो, कापड खरेदी करताना आपण पन्हा मोजतो, धाग्याचा काउंट विचारतो, भाव गजाचा की मीटरचा हे आधी पक्के करतो. इंटरनेटचे कनेक्शन घेताना मात्र आपण फक्त महिन्याचे बिल किती ते विचारतो. माल कोणता आणि कोणत्या मापाने मिळणार, याची चौकशी कोणी करीत नाही. नंतर वेग मिळाला नाही की कटकट सुरू होते. म्हणून ही थोडी माहिती.

आपल्या देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा मोडेम फोन लावून लाइन जोडत असे. इंटरनेट चालू असेपर्यंत फोन अडकलेला. पुढे आलेल्या चांगल्या मोडेमचा वेगही सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिट होता. २००४ च्या सरकारी धोरणाने किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटले. २००५ मध्ये एमटीएनएल आणि बीएसएनएल यांनी टेलिफोनच्याच तारेवर ही सेवा सुरू केली. ती किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली.

एका तारेत दोन कामे कशी?

टेलिफोनवरील बोलण्याला सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो. तांब्याची तार याहून कितीतरी वरची कंपने नेऊ शकते. म्हणजे इतकी वर्षे आपण थानाची फक्त किनार वापरत होतो, बाकीचा पन्हा रिकामा होता. एडीएसएल या पद्धतीत साधारण २५ ते ११०० किलोहर्ट्झचा पट्टा इंटरनेटसाठी वापरतात. घरात स्प्लिटर नावाची छोटी डबी आवाज आणि इंटरनेट वेगळे करते. एक्स्चेंजमध्ये हेच काम तिथली यंत्रे करतात. म्हणून फोनवर बोलता बोलता इंटरनेटही चालते.

या पट्ट्याची वाटणी मात्र समान नाही. सुमारे १३८ किलोहर्ट्झच्या खालचा भाग माहिती पाठवण्यासाठी आणि वरचा मोठा भाग माहिती घेण्यासाठी. घरातला माणूस घेतो जास्त, पाठवतो कमी, या हिशेबाने हे ठरले. ज्या व्यापाऱ्याला डिझाइनचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचे आहेत, त्याचे काम नेमके उलटे आहे.

बिट आणि बाइट

कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, आपली फाइल मेगाबाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट. २ मेगाबिटच्या लाइनवर १० मेगाबाइटची फाइल उतरायला सुमारे ४० सेकंद लागतात. तीच फाइल २५६ किलोबिटने पाठवायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. गज आणि मीटरमधला फरक नऊ-दहा टक्क्यांचा, इथे फरक आठपटीचा आहे!

अंतर आणि घरातली वायरिंग

तार जितकी लांब, तितका सिग्नल कमजोर. एक्स्चेंजपासून एक-दीड किलोमीटरच्या आत वेग चांगला मिळतो, पाच किलोमीटरच्या सुमारास फारच घसरतो. अंतर तारेचे मोजायचे, रस्त्याचे नव्हे. म्हणूनच जाहिरातीत वेगाच्या आकड्याबरोबर ‘पर्यंत’ हा शब्द असतो. तो छोटा शब्द मोठ्या लक्षाने वाचावा.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. रोज फोन वाजला की माझे इंटरनेट तुटायचे. मी कंपनीवर खूप संतापलो, दोन तक्रारी लिहिल्या. लाइनमन आला तेव्हा दोष माझ्याच घरात निघाला. आतल्या खोलीत मी एक जादा फोन फिल्टरशिवाय जोडून ठेवला होता. फिल्टर बसवला आणि रोग गेला. प्रत्येक फोन स्प्लिटर किंवा फिल्टरच्या मागेच असावा, हा धडा मला संताप करून शिकावा लागला.

आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली आहे आणि घरगुती वापरात अंतराची ही अडचण जवळपास संपली आहे. पण कोणतीही लाइन घ्या, चार प्रश्न विचाराच : घेण्याचा वेग किती? पाठवण्याचा किती? महिन्याचा कोटा संपल्यावर वेग किती उरतो? आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्ती होईल? उत्तरे लेखी घ्या.

मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये सक्त ताकीद आहे. देणाऱ्याने माप पुरे द्यावे, हा त्याचा फर्ज. पण घेणाऱ्याला मापच ठाऊक नसेल, तर कमी मिळाले हे तो ओळखणार कसे?