छटाक, नवटाक आणि संगणक



आपल्या वाशिम जिल्ह्यातील जी मुले पुढे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकावयास जातात, त्यांच्यापुढे आरंभीच द्विमान संख्यापद्धतीचा धडा येऊन उभा राहतो. कळा दाबून पत्र लिहिण्यात व चित्रे काढण्यात तरबेज असलेला मुलगाही येथे अडखळतो. मग पालकांस नवल वाटते की, "आमच्या मुलास तर संगणक येत होता!" संगणक चालविणे निराळे आणि तो जाणणे निराळे. तीन महिन्यांच्या वर्गात पहिले साधते; दुसऱ्यास पाटी-पेन्सिल घेऊन बसावे लागते.

वस्तुतः हा धडा आपणांस परका नाही. १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली. तत्पूर्वी आपल्या बाजारांत छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर व शेर ही वजने चालत. प्रत्येक वजन मागल्याच्या दुप्पट. म्हणजे छटाकाच्या हिशेबाने १, २, ४, ८ व १६. वाण्यास तेरा छटाक साखर द्यावयाची झाल्यास तो पारड्यात अच्छेर, पावशेर व छटाक ठेवी. शेर आणि नवटाक बाजूस राहत. ठेवलेल्या वजनास १ व न ठेवलेल्यास ० अशी खूण करून थोरापासून लहानापर्यंत ओळीने लिहा: ०११०१. हीच द्विमान पद्धतीतील तेरा ही संख्या! पाच वजनांत एकतीस छटाकांपर्यंत कोणतेही माप होते, व एकही वजन दोनदा लागत नाही.

बेरीजही तशीच. सात छटाकांत, म्हणजे ००१११ मध्ये, एक मिळवा. दोन छटाक झाले, ते उचलून नवटाक ठेवा. दोन नवटाक झाले, त्यांचा पावशेर. दोन पावशेरांचा अच्छेर. उत्तर ०१०००. हातचा म्हणतात तो हाच.

यंत्रास दहा अंक का नकोत, असे कोणी विचारील. आपल्या गावी विजेचा दाब उतरला की दिवा मंदावतो. त्याच्या प्रकाशाच्या दहा पायऱ्या ठरविल्या, तर ही सहावी की सातवी असा वाद पडेल. परंतु दिवा लागला आहे की विझला आहे, ह्याविषयी सहसा वाद होत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक १९६० साली कार्यान्वित झाला व १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत फेराइटच्या इवल्या कड्या ओवलेल्या होत्या. कडीचे चुंबकत्व एका दिशेस असेल तर १, उलट दिशेस असेल तर ०. अशा चाळीस खुणांचा एक शब्द होई. विशेष हे की, संख्या आणि त्या संख्येचे काय करावे ही आज्ञा, दोन्ही एकाच स्मृतीत, एकाच लिपीत नांदत. आजही बहुतेक संगणकांची घडण हीच आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तोही ह्या दोन खुणांवरच. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९९८ पर्यंत आपले वाशिमही त्याच जिल्ह्यात होते.

अक्षरांचे काय? युनिकोड नावाच्या जागतिक कोष्टकात प्रत्येक अक्षरचिन्हास क्रमांक दिलेला आहे. 'वाशिम' लिहिले की यंत्र २३५७, २३६६, २३५८, २३६७, २३५० एवढेच जाणते. ह्यात एक गंमत आहे. ऱ्हस्व वेलांटी आपण 'श'च्या आधी काढतो, यंत्र मात्र ती 'श'च्या नंतर नोंदते. म्हणजे लेखणीचा क्रम सोडून ते उच्चाराचा क्रम धरते.

आता २३५७ ही संख्या बारा खुणांत लिहा. सर्वांत थोर वजन २०४८ घ्यावे. उत्तर १००१००११०१०१ यावयास हवे; न आल्यास घरातील वडीलधाऱ्यांस शेर-छटाकाचे कोष्टक विचारून पुन्हा तागडी धरावी.