टोमॅटो : बीपासून बीपर्यंत

मोरीचे पाणी जिथे अंगणात मुरते, तिथे न पेरता उगवलेले टोमॅटोचे रोप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. कुणी ते लावलेले नसते, त्याला खत घातलेले नसते. भांडी घासताना ताटातून निसटलेली एखादी बी ओल आणि ऊब मिळताच रुजते आणि दोन महिन्यांत तिच्या झाडाला पिवळी फुले येतात. हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्यातला प्रश्न सहसा लक्षात येत नाही. तीच बी फळात असतानाही पाण्यातच होती. टोमॅटोच्या फळात शंभरातले चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग पाणीच असते. ओल होती, ऊब होती. मग ती तिथे का रुजली नाही? मुलांना बागकाम शिकवायचे असेल, तर कुंडी आणि खुरप्याच्या आधी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा, असे मला वाटते.

याचे उत्तर बीभोवतीच्या बुळबुळीत आवरणात आहे. टोमॅटो कापल्यावर बी हाताला निसरडी लागते ती या आवरणामुळे. ते आवरण आणि फळातला गर यांत अंकुरण रोखून धरणारी द्रव्ये असतात. शिवाय फळातला रस साध्या पाण्याहून दाट असल्याने बीला त्यातून पाणी ओढून घेणे अवघड जाते. फळ कुजून हे आवरण विरघळेपर्यंत बी थांबून राहते. फार दिवस ठेवलेला, अतिशय पिकलेला टोमॅटो कापला असता आत कधी कधी पांढरे कोंब दिसतात, ते हा बांध सुटल्याचे लक्षण होय. मोरीच्या कडेला हेच घडते. ओल्या मातीत आवरण कुजते आणि वाहते पाणी बीला धुऊन काढते. घरी बी धरणे म्हणजे हीच क्रिया आपण ठरवून करणे. त्या कृतीकडे पुढे येऊच. परंतु बी कोणत्या फळातून धरावी, हे त्याआधी ठरवावे लागते.

आज बाजारात मिळणारा टोमॅटो बहुधा संकरित वाणाचा असतो. दूरच्या प्रवासात फुटू नये म्हणून त्याची साल जाड राखलेली असते आणि तो पुरता पिकण्याआधीच खुडलेला असतो. संकरित वाण म्हणजे दोन भिन्न शुद्ध वाणांच्या संयोगातून आलेली पहिली पिढी. ही पिढी जोमदार आणि एकसारखी असते; पण तिच्या फळातली बी पेरली की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण पुन्हा वेगवेगळे होऊन वर येतात. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील प्रयोगांचा निबंध १८६६ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मांडलेला नियम आपल्या गच्चीवर दहा कुंड्यांत पाहता येतो. बाजारातल्या एकाच संकरित टोमॅटोच्या दहा बिया लावाव्यात. एखादे झाड बुटके राहील, एखादे काठी मागेल. एकाची फळे चपटी, दुसऱ्याची लांबट निघतील. दहावीच्या पुस्तकातला आनुवंशिकतेचा धडा याहून चांगल्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही. स्वयंपाकघराचा भरवसा मात्र अशा बीवर ठेवता येत नाही.

घरी वर्षानुवर्षे चालवायची बी सरळ वाणाची हवी. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा पुसा रूबी, बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे असे वाण आहेत. टोमॅटोच्या फुलाची रचनाही आपल्या सोयीची आहे. त्याचे पुंकेसर एकमेकांना चिकटून एक नळी तयार होते आणि स्त्रीकेसर त्या नळीच्या आत राहतो. म्हणून पराग बहुधा त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर पडतो आणि शेजारच्या झाडाची सरमिसळ फारशी होत नाही. सरळ वाणाची बी पेरली तर मागच्या वर्षीचेच झाड परत मिळते. एकदा विकत घेतलेले एक पाकीट पुढे कितीही वर्षे पुरते, ते यामुळे. पाकीट घेताना त्यावरची चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणीची टक्केवारी वाचावी. बी गुलाबी किंवा निळसर रंगवलेली असेल, तर तिला बुरशीनाशक चोळलेले आहे असे समजावे. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.

येथे एका कायद्याचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण आपल्या पालकांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. २००१ साली भारताच्या संसदेने पीक वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयी कायदा केला. स्वतःच्या पिकाचे बियाणे राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, दुसऱ्याला देणे, अदलाबदल करणे आणि विकणेसुद्धा हा त्यात शेतकऱ्याचा हक्क मानला आहे. बंधन एवढेच की संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकता येत नाही. या कायद्यातली शेतकऱ्याची व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. स्वतः जमीन कसणारा तर तिच्यात येतोच, पण पारंपरिक वाण जपणाराही येतो. आणि जमीन कुणाच्या मालकीची, ही अट तिच्यात नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांच्या नावे सातबारा नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबूनही, बी कोणती पेरायची हे ज्यांना कधी कुणी विचारले नाही, अशा घरांतली मुले आज आपल्या वसतिगृहात शिकत आहेत. त्यांच्या घरच्या पत्र्याच्या डब्यात उगवलेल्या झाडाचे आणि त्या झाडापासून राखलेल्या बीचे मोल टोमॅटोच्या बाजारभावावर मोजता येणार नाही.

बाजारभावाचे म्हणाल, तर २०२३ च्या जुलैत शहरांमध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता शेतकऱ्याचा वाहतूक खर्चही सुटेना इतका कोसळला. खाणारा आणि पिकवणारा दोघेही एकाच वर्षात नाडले गेले. घरची चार झाडे हा प्रश्न सोडवणार नाहीत. पण जानेवारी-फेब्रुवारीत आमटीपुरते टोमॅटो दारात असतील, हे नक्की.

महाराष्ट्रात टोमॅटो तिन्ही हंगामांत घेतात. तरी घरच्या लागवडीला सर्वांत सोयीचा काळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा आहे. पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि फुले येण्याच्या सुमारास थंडी असते. रात्र फार उष्ण झाली किंवा दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की फुले गळतात. आणि ३० अंशांच्या वर फळांचा तांबडा रंगही नीट भरत नाही, ती पिवळट-नारिंगी राहतात. निवासी शाळेच्या वेळापत्रकाशी हा काळ चांगला जुळतो. दिवाळीच्या सुट्टीआधी चार आठवडे शाळेत बी पेरली, तर सुट्टीला घरी जाताना प्रत्येक मुलाच्या हाती लावणीजोगे रोप असेल. एसटीच्या गर्दीत ते कसे सांभाळायचे, हे मुलांना आपल्यापेक्षा अधिक कळते.

पेरण्यासाठी बुडाला भोक पाडलेले चहाचे कागदी पेले पुरतात. दोन भाग माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत, एक भाग वाळू असे मिश्रण घ्यावे. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पाणी धरून बसते, तिच्यात वाळू थोडी अधिक घालावी. प्रत्येक पेल्यात दोन बिया अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाकाव्यात. पाच ते दहा दिवसांत उगवण होते. उगवताच पेले उन्हात आणावेत. घरात खिडकीशी ठेवलेली रोपे उजेडाच्या शोधात लांबट, फिकट होतात आणि मग ती सुधारत नाहीत.

रोपांचे खरे मरण याच अवस्थेत असते. सकाळी टवटवीत दिसलेले रोप संध्याकाळी जमिनीलगत पिचून आडवे पडते. मुले हिरमुसतात आणि घरचे म्हणतात, पाणी कमी पडले असेल. वस्तुतः बहुतेक वेळा ते जास्त झालेले असते. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी सततच्या ओलीत वाढतात आणि खोड मातीच्या पातळीवर कुजवतात. पडलेले रोप वाचत नाही. म्हणून पाणी सकाळी द्यावे, वरची माती सुकलेली दिसल्याशिवाय पुन्हा देऊ नये, ताजे शेण घालू नये आणि रोपे दाटीने वाढवू नयेत. पेरण्यापूर्वी मिश्रणात चिमूटभर ट्रायकोडर्मा भुकटी मिसळली, तर ही उपयुक्त बुरशी त्या घातक बुरशींना वाढू देत नाही. वांगी, मिरची, बटाटा ही टोमॅटोचीच भावंडे. ज्या कुंडीत ती होती तिची माती तशीच वापरू नये.

पंचवीस ते तीस दिवसांत चार-सहा खरी पाने आली की रोप कायमच्या जागी लावावे. आधीच्या आठवड्यात पाणी कमी करून ते कणखर करून घ्यावे. एका झाडाला पंधरा लिटरचा, बुडाला भोके असलेला डबा हवा. रंगाची रिकामी बादली चांगली घासून घेतली तर चालते. लावताना खालची दोन पाने खुडून खोडाचा तेवढा भाग मातीत दाबावा. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श झाला की तिथूनही मुळे फुटतात आणि झाडाचा पाया भक्कम होतो. लावणी संध्याकाळी करावी, शेजारी बांबूची काठी त्याच वेळी रोवावी आणि रोज सहा-सात तास ऊन मिळेल अशी जागा द्यावी. पुसा रूबीसारखा वाढतच राहणारा वाण असेल, तर पानाच्या बगलेतून निघणारी फूट अधूनमधून खुडावी. फुलोऱ्यात असताना भर सकाळी काठीला हलकी टिचकी मारली तर पराग सुटतो आणि गच्चीवर मधमाश्या कमी असल्या तरी फळधारणा होते.

पुढच्या अडचणींपैकी दोनच सांगतो. फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडला, तर तो रोग नव्हे. एक दिवस भरपूर पाणी आणि मग तीन दिवस कोरड, अशा अनियमितपणामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्याची ती खूण आहे. दुसरी अडचण विषाणूंची. पाने आक्रसून वर वळली आणि शेंडा थांबला, तर पांढऱ्या माशीने पर्णगुच्छाचा विषाणू आणला असे समजून ते झाड उपटावे. पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून कुंड्यांजवळ टांगले की माशी त्याला चिकटते. आणखी एक विषाणू माणसाच्या हातून येतो. तंबाखूवरील मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो आणि वाळलेल्या तंबाखूतही तो जिवंत राहतो. तेव्हा तंबाखू मळणाऱ्याने झाडाला हात लावण्यापूर्वी तो साबणाने धुवावा. तंबाखूच सोडली तर अधिक उत्तम, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

लावणीनंतर सुमारे सत्तर दिवसांत पहिली फळे पिकतात. ती घरात सर्वांनी खावीत. पण सर्वांत निरोगी झाडावरचे दोन-तीन उत्तम घोस ओळखून त्यांना रंगीत दोरा बांधावा आणि त्यांना कुणी हात लावू नये. बीसाठीचे फळ झाडावरच पूर्ण तांबडे आणि थोडे मऊ होऊ द्यावे. मग ते आडवे कापून बी आणि रस काचेच्या पेल्यात पिळावा, थोडे पाणी घालावे आणि फडके बांधून सावलीत ठेवावे. दीड-दोन दिवसांत मिश्रणाला आंबूस वास येतो आणि वर पांढरी साय धरते. ते आवरण आता विरघळले. याहून अधिक काळ ठेवल्यास बी पेल्यातच रुजू लागते, म्हणून लगेच भरपूर पाणी ओतून ढवळावे. पोकळ बी आणि गर तरंगतो, भरीव बी तळाशी बसते. वरचे ओतून टाकून दोन-तीन वेळा धुतले की स्वच्छ, केसाळ बी हाती येते. ती स्टीलच्या ताटात पसरून सावलीत चार-पाच दिवस वाळवावी. कागदावर वाळवली तर कागदाला कायमची चिकटते. एका मोठ्या फळातून शंभरावर बिया मिळतात आणि एका ग्रॅममध्ये त्या सुमारे तीनशे मावतात. एवढ्याशा चिमटीत एका गल्लीची बाग असते.

वाळलेली बी कागदी पाकिटात घालून त्यावर वाणाचे नाव, ठिकाण, महिना आणि वर्ष लिहावे. ते पाकीट घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, तळाशी कोरडी चाळलेली राख किंवा भाजून गार केलेले तांदूळ घालून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. अशी बी चार-पाच वर्षे टिकते. पुढच्या सप्टेंबरात पेरण्यापूर्वी दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, फडके सुकू देऊ नये आणि आठ-दहा दिवसांनी उघडावे. सात किंवा अधिक बियांना कोंब फुटले असतील, तर प्रमाणित टोमॅटो बियाण्याला लागणारी किमान ७० टक्के उगवण आपल्या घरच्या बीने गाठली. त्याहून कमी फुटले, तर पेल्यात दोनाऐवजी तीन बिया टाकाव्यात.