धनुष्याचे लाकूड : निवड व परीक्षा

कार्यानुभवाच्या तासाला धनुष्य करावयास घेतले, म्हणजे बहुधा हाताला येईल ती काठी वाकवून तिला दोरी बांधण्यात येते. पहिल्या दिवशी ते चालते. पुढे काठी वाकलेली ती वाकलेलीच राहते, किंवा ओढता ओढता मोडून तिची ढलपी मुलाच्या डोळ्यापाशी उडते. म्हणून लाकडाची निवड हाच या पाठाचा गाभा होय. तासणे हे नंतरचे काम.

धनुष्य ओढले असता त्याची लक्ष्याकडील बाजू ताणली जाते व तिरंदाजाकडील बाजू दाबली जाते. ताण आणि दाब हे दोन्ही एकाच लाकडाने सोसावयाचे असतात. इंग्लंडात यू वृक्षाला मान मिळाला तो यामुळेच. त्याचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते, आतले तांबूस लाकूड दाब सोसते. १५४५ साली बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ जहाजावर अशी शंभरांहून अधिक धनुष्ये मिळाली.

सह्याद्रीत यू नाही. पण धामण आहे. ‘धनुर्वृक्ष’ हे तिचे संस्कृत नावच पुरेसे बोलके आहे. कुऱ्हाडीचे दांडे व कावडी यांसाठी तिचे लाकूड वापरतात, ते त्याच्या चिवटपणामुळे. सागवान दारे-खिडक्यांस उत्तम. परंतु धक्का सोसण्यात ते धामणीपुढे उणे ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लाकडाबरोबर ताड, वेळू व शिंग यांचीही धनुष्ये सांगितली आहेत. शाळेपुरता त्यांतील वेळू सर्वांत सोयीचा.

वेळू भरीव व तीन-चार वर्षांचा घ्यावा. कोवळा वेळू सहज वाकतो म्हणून मुलांना आवडतो, पण तो वाळताना आक्रसतो व त्याला कीडही लवकर लागते. वेळूचे तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात. म्हणून साल लक्ष्याच्या बाजूस ठेवावी आणि ती मुळीच खरवडू नये. मुले गुळगुळीतपणाच्या हौसेने नेमकी तीच खरवडतात!

लाकूड घ्यावयाचे असल्यास करवतीने कापलेल्या फळीपेक्षा पाचर मारून फाडलेला तुकडा बरा. फाडलेला तुकडा रेषेच्या मार्गाने जातो. करवत रेषा तोडून जाते, आणि धनुष्य पुढे तेथेच मोडते. गाठी टाळाव्यात. टोकांना मेण लावून तुकडा सावलीत वाळवावा व दर आठवड्यास वजन करून फळ्यावर लिहावे. वजन उतरावयाचे थांबले, की लाकूड वाळले. गणिताचा एक पाठ यातच होतो.

टोके पुढे वळविलेले धनुष्य अधिक जोरकस असते. पण ते वळण वाफ देऊन आणावे लागते व ताणही वाढतो. प्राथमिक वर्गात त्याच्या मागे लागू नये.

वनहद्दीत परवानगीवाचून तोड करू नये. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेर वाढलेला बांबू वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला आहे. तेव्हा मालकास विचारून बांधावरचा वेळू घ्यावा. वर्गात भिल्ल किंवा कातकरी घरचे मूल असल्यास त्याच्या आजोबांना शाळेत बोलवावे आणि शिक्षकांनीही मुलांबरोबर खाली बसून ऐकावे. पहिली ओढ मात्र शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून व मुलांना दूर उभे करून, थोडी थोडी वाढवीत घ्यावी. कडकड असा बारीकसा आवाज आला तरी ते धनुष्य बाजूस ठेवावे.