तिहेरी शर्यतीची पहिली पायरी

कराडच्या प्रीतिसंगमावर उभे राहिले म्हणजे मोठे विलक्षण दृश्य दिसते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना या दोन नद्या दोन वाटांनी दूरवर हिंडून येतात, येथे अगदी समोरासमोर भेटतात आणि एकरूप होऊन पूर्वेकडे वळतात. कराडला लागूनच, आगाशिवाच्या डोंगराच्या सान्निध्यात, मलकापूर वसले आहे. या पंचक्रोशीला पाणी नवे नाही. येथील मुले पिढ्यान्‌पिढ्या विहिरीत आणि नदीच्या डोहात पोहायला शिकत आली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा, वडीलधाऱ्या माणसाने पाण्यात उभे राहून हात द्यायचा, चार दिवस नाकातोंडात पाणी जायचे आणि पाचव्या दिवशी डबा सोडून मूल आपले आपण तरंगू लागायचे, अशी ही जुनी पाठशाळा होती.

परंतु विहिरीत पोहणे वेगळे आणि अथांग, उघड्या पाण्यात पोहणे वेगळे. ही गोष्ट ज्यांना पुरतेपणी उमगते, त्यांत ट्रायथलॉन या खेळाचे स्पर्धक प्रामुख्याने येतात.

ट्रायथलॉन म्हणजे तिहेरी शर्यत. हा शब्द ग्रीक भाषेतून घडला आहे. त्यातील पहिला भाग आपल्या ‘त्रि’ या शब्दाचाच सोयरा आहे. दुसऱ्या भागाचा अर्थ स्पर्धा असा आहे. या शर्यतीत स्पर्धक प्रथम पोहतो, नंतर सायकल चालवतो आणि शेवटी धावतो. मध्ये विसावा नसतो. कपडे किंवा पादत्राणे बदलण्यात जो वेळ जातो, तोही शर्यतीच्या वेळातच धरला जातो.

या खेळाचे वय फार नाही. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी, मिशन बे नावाच्या खाडीकाठी २५ सप्टेंबर १९७४ रोजी ४६ स्पर्धकांनी अशी एक शर्यत केली. तीत धावणे आधी होते आणि पोहणे शेवटी शेवटी होते. शर्यत लांबली, अंधार पडू लागला, तरी काही स्पर्धक अजून पाण्यातच होते. अखेर काठावरच्या मोटारींचे दिवे पाण्यावर सोडून त्यांना वाट दाखवावी लागली. आज पोहणे प्रथम ठेवतात, ते याच विचाराने. थकलेला सायकलस्वार उतरून बसू शकतो, थकलेला धावपटू सावलीत थांबू शकतो. पण थकलेल्या पोहणाऱ्याला टेकायला जमीन नसते. म्हणून अंगात ताजेपणा आहे तोवरच पाणी ओलांडून घ्यावे, हे शहाणपण.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातील एक अधिकारी होते. पुढे हवाई बेटांवर असताना मित्रमंडळीत वाद निघाला, की पोहणारा, सायकलस्वार आणि धावपटू यांत खरा काटक कोण? कॉलिन्स यांनी सुचविले, की तेथील तीन मोठ्या शर्यती एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक केल्या म्हणजे वाद मिटेल. अशा रीतीने १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ‘आयर्नमॅन’ म्हणजे लोहपुरुष या नावाची शर्यत झाली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटरहून थोडे अधिक धावणे, असा तिचा पल्ला होता. पंधरा जण निघाले, बारा जण शेवटपर्यंत पोहोचले. पुढे २००० साली सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळाले, तेथे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे, असे प्रमाण ठरले.

महाराष्ट्राच्या शेजारी गोव्यातही ही शर्यत आली. २० ऑक्टोबर २०१९ रोजी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन शर्यत झाली. अरबी समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, मग ९० किलोमीटर सायकल आणि अखेर २१.१ किलोमीटर धावणे, असा तिचा क्रम होता.

आता अशा शर्यतीस निघालेल्या मलकापूरच्या एखाद्या तरुणाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. समुद्र त्याच्या गावापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. आगाशिवाचा चढ त्याच्या पायांच्या ओळखीचा आहे. पुणे-बंगळूर महामार्गालगतचा वारा त्याने सायकलवर छातीवर घेतला आहे. पोहण्याच्या तलावात तो सहज दोन किलोमीटर पोहतो. तरीही पहाटेच्या उजेडात समुद्राकाठी उभे राहिल्यावर त्याच्या छातीत धडधडू लागते. असे का व्हावे?

तलावाचे पाणी माणसाने बांधून घातलेले असते. तळाशी आखलेली रेघ दिसते, दर काही मीटरवर भिंत येते, मन घाबरले तर काठाची कड हाताशी असते. उघड्या पाण्यात यांपैकी काहीच नसते. खाली पाहावे तर गढूळ हिरवा अंधार. समोर पाहावे तर लाट. आजूबाजूला शेकडो हातपाय पाणी घुसळत असतात. कोणाचा हात पाठीवर पडतो, कोणाची टाच चष्म्याला लागते. अशा वेळी मनुष्य नकळत श्वास कोंडतो आणि डोके वर काढतो. डोके वर आले की पाय खाली जातात. पाय खाली गेले की शरीर उभे होते. उभ्या शरीराला पाणी पुढे जाऊ देत नाही. मग तो अधिक जोराने हात मारतो, अधिक दमतो आणि अधिक घाबरतो. पाण्यातील संकट पुष्कळदा असे सुरू होते. बळ संपण्याच्या आधी धीर संपतो.

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले आणि या मातीचे नाव जगात नेले. कुस्तीच्या आखाड्यात प्रतिस्पर्धी समोर उभा असतो. त्याची पकड दिसते, त्याचा डाव ओळखता येतो. उघड्या पाण्यातील खरा प्रतिस्पर्धी मात्र दिसत नाही. तो पोहणाऱ्याच्या स्वतःच्या छातीत दडलेला असतो. त्यावर डाव एकच, आणि तो म्हणजे श्वास. तोंड पाण्यात असताना श्वास सावकाश, पूर्णपणे बाहेर सोडावा. म्हणजे तोंड बाजूला वळविताच नवा श्वास आपोआप आत येतो. तरीही घाबरे वाटले तर उताणे होऊन हातपाय सैल सोडावेत आणि आकाशाकडे पाहत राहावे. समुद्राचे पाणी या कामी मदतच करते. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन सुमारे १,००० ग्रॅम भरते, तर तेवढ्याच समुद्रजलाचे सुमारे १,०२५ ग्रॅम. क्षारांमुळे जड झालेले हे पाणी शरीराला थोडे अधिक उचलून धरते.

दुसरी विद्या दिशा राखण्याची. तळाशी रेघ नसल्यामुळे पोहणारा न कळत एका बाजूस वाहत जातो आणि दीड किलोमीटरच्या जागी दोन किलोमीटर पोहून बसतो. म्हणून जाणते स्पर्धक दर आठ-दहा हातांनंतर डोळे जेमतेम पाण्यावर आणून समोरची खूण पाहतात. ही खूण म्हणजे बोया, म्हणजेच पाण्यावर तरंगणारी, नांगर टाकून स्थिर केलेली मोठी रंगीत वस्तू. किनाऱ्यावरचे उंच झाड किंवा इमारतही खुणेसाठी हेरून ठेवतात. कारण लाटांच्या आड बोया दिसेनासा झाला, तरी झाड जागचे हलत नाही.

तिसरी विद्या सर्वांत कठीण, आणि ती म्हणजे मदत मागण्याची. शर्यतीच्या मार्गावर लहान होड्या घेऊन जीवरक्षक उभे असतात. स्पर्धकांच्या डोक्यावर भडक रंगाची टोपी असते, ती दुरून दिसावी म्हणूनच. हात उंच करताच होडी जवळ येते. होडीला धरून काही वेळ दम घेण्याची मुभा असते. तिच्या आधाराने पुढे मात्र सरकायचे नसते. तरीही पुष्कळांना हात वर करण्याची लाज वाटते. ही लाज प्राणघातक ठरू शकते.

या बाबतीत जुन्या काळातील एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. मॅथ्यू वेब हा इंग्रज खलाशी १२ ऑगस्ट १८७५ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाण्यास निघाला. वारा वाढला, समुद्र खवळला, तेव्हा त्याने प्रयत्न सोडला. त्याला भित्रा म्हणणारे त्या दिवशी कोणी भेटलेही असेल. परंतु अवघ्या बारा दिवसांनी तो पुन्हा पाण्यात उतरला आणि सुमारे २१ तास ४५ मिनिटे पोहून फ्रान्सच्या किनाऱ्यास लागला. कशाचाही आधार न घेता ती खाडी पोहून जाणारा तो पहिला मनुष्य ठरला. भारताचे मिहिर सेन यांनीही आधीच्या अपयशांनंतर १९५८ साली हीच खाडी जिंकली. पुण्याचे रोहन मोरे यांनी तर जगातील सात अवघड सामुद्रधुन्या व खाड्या एकामागून एक पोहून २०१८ साली हा सप्तक पूर्ण केला. असे करणारे ते आशियातील पहिलेच जलतरणपटू होत. समुद्र उद्याही तेथेच असतो. पोहणारा मात्र उद्या असला पाहिजे.

पाण्यातून बाहेर पडल्यावर आणखी एक गंमत होते. बराच वेळ आडवे राहिलेले शरीर एकाएकी उभे होते. डोके हलके वाटते, पाय लटपटतात. स्पर्धक धावतच बदलाच्या जागी जातो. तेथे आधी शिरस्त्राण घालून त्याचा पट्टा बांधायचा आणि मगच सायकलला हात लावायचा, असा कडक नियम आहे. सायकलीवरून उतरून धावू लागताच पाय ओझे बांधल्यासारखे जड होतात. थोड्या अंतरानंतर ते पुन्हा आपल्या लयीत येतात. हे सारे कष्ट मोठे खरे; पण ज्याने सकाळी पाण्यात आपला श्वास आवरला, त्याला दुपारच्या उन्हात आपले पाय आवरणे तितकेसे जड जात नाही.

मात्र पोहणारा कितीही तयार असला, तरी पाणीही तयार असावे लागते. २०२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत तिहेरी शर्यतीचे पोहणे सीन नदीत ठेवले होते. पावसामुळे नदीचे पाणी दूषित झाले आणि पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलावी लागली. ज्या नदीत शहर आपली घाण सोडते, ती नदी त्या शहराच्या मुलांना पोहायला बोलावू शकत नाही. सीनकाठच्या लोकांना मिळालेला हा धडा कृष्णाकाठच्या लोकांनाही तितकाच लागू आहे.

नदीचा स्वभावही ओळखावा लागतो. कोयनानगरजवळच्या धरणातून पाणी सोडले म्हणजे आकाश निरभ्र असतानाही खाली कराडकडे नदीची पातळी वाढते. काल जेथे पाय टेकत होते, तेथे आज ठाव लागत नाही. वरून शांत दिसणाऱ्या डोहात भोवरा असू शकतो. म्हणून एकट्याने, न सांगता, अनोळखी पाण्यात उतरणे हे धाडस नव्हे. तो अविचार होय. जुन्या पाठशाळेत भोपळ्याच्या जोडीला वडीलधाऱ्याचा हात का असे, हे येथे कळते.

शेवटी तो मलकापूरचा तरुण. समजा, तो पाण्यात शिरला, शंभर हात गेला आणि श्वास अडला. तो उताणा झाला. वर आकाश होते, कानांत पाण्याचा आवाज होता. दहा श्वास त्याने सावकाश सोडले. मग तो पालथा झाला, समोरचा बोया पाहिला आणि पुन्हा हात मारू लागला. त्या दिवशी पुढे जाणारे त्याच्याहून कितीतरी असतील. त्याच्या पुढे गेलेल्यांची नावे फलकावर लागतील. त्या दहा श्वासांची नोंद मात्र कोठेही होणार नाही. तरीही त्याची शर्यत त्या दहा श्वासांतच जिंकलेली असेल.

स्वाध्याय

१. तिहेरी शर्यतीत पोहणे प्रथम का ठेवतात?
२. तलावातील पोहणे आणि उघड्या पाण्यातील पोहणे यांतील फरक सांगा.
३. कुस्तीतील प्रतिस्पर्धी व पाण्यातील प्रतिस्पर्धी यांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे?
४. मॅथ्यू वेबच्या गोष्टीवरून कोणता बोध मिळतो?
५. कारणे द्या : (अ) समुद्रात शरीर अधिक सहज तरंगते. (आ) पोहणारे किनाऱ्यावरचे झाड हेरून ठेवतात. (इ) आकाश निरभ्र असतानाही नदीची पातळी वाढू शकते.
६. वाक्यांत उपयोग करा : ठाव न लागणे, धीर संपणे, नाकातोंडात पाणी जाणे, लय सापडणे.
७. ‘समुद्र उद्याही तेथेच असतो, पोहणारा मात्र उद्या असला पाहिजे.’ या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत स्पष्ट करा.
८. आपल्या गावातील मोठ्या माणसांना ते पोहायला कसे शिकले ते विचारा आणि ती हकीकत वहीत लिहा.