विश्वास, अक्षर आणि हात
वाचन: याकोब 2:14–17

ख्रिस्ती शाळा कशावर उभी राहते? पंडिता रमाबाईंचे काम पाहू. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली व विधवांना त्यांनी आणले. पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले.

तिथे आधी अन्नवस्त्र, मग अक्षरओळख आणि जोडीला विणकाम, शेती, छपाई. प्रार्थना रोजची, पण प्रार्थनेने भाकरीची जबाबदारी संपली, असे कुणी मानले नाही. शास्त्र साध्या बाईलाही स्वतः वाचता यावे, म्हणून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. ते छापण्याचे कामही मुक्तीतल्या बायकांनी केले.

आपल्या तीर्थपुरी भागातून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलांची शाळा सुटते. त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. पण तेवढ्यावर थांबू नये.

चर्चेसाठी:
1. आपल्या वस्तीतली कोणती मुले यंदा जाणार?
2. त्यांना गावात ठेवून घ्यायला, जेवू घालायला आपल्यापैकी कोण तयार आहे?