नदीचा रंग ओळखा

आम्ही उमरीच्या प्रौढ वर्गातली माणसे. भाद्रपदात शेतीच्या कामातून थोडी उसंत मिळाली. तेव्हा सहस्रकुंड पाहायला निघालो. बाया आणि गडी मिळून १९ जण होतो. सर्वांची नावे वहीत लिहून घेतली. भाकरी-चटणी फडक्यात बांधली. भोकर, हिमायतनगर करीत इस्लापूर गाठले. पुढे पायी गेलो.

सहस्रकुंड पैनगंगा नदीवर आहे. ही नदी बुलढाणा जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. सहस्रकुंडाला तिचा एक काठ नांदेड जिल्ह्यात, तर दुसरा यवतमाळ जिल्ह्यात आहे. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. नदी काळ्या खडकावरून खाली उडी घेते आणि घळीतून वाहत जाते. तिचे पाणी पुढे वर्धा नदीला, मग प्राणहितेला आणि शेवटी आपल्या गोदावरीला मिळते.

सहस्र म्हणजे हजार. कुंड म्हणजे पाण्याचा खोल खड्डा. खडकात असे खड्डे कोणी केले? नदीनेच केले. पुराबरोबर दगडगोटे येतात. ते खडकातल्या लहान खळगीत अडकतात. पाणी गरगर फिरते, तसे गोटेही फिरतात. जात्याचा दगड झिजतो, तसा खडक झिजतो. हजारो वर्षांनी खळगीचा रांजण होतो. म्हणून त्यांना रांजणखळगे म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजला, कुकडी नदीतही असे रांजणखळगे आहेत. खळगा वरून लहान दिसतो, पण आतली खोली कळत नाही. काठावर शेवाळ असते. पाय घसरला तर माणसाचा जीव जातो.

भाकरी खाऊन आम्ही खडकावर बसलो होतो. ऊन पडले होते. आमच्यातल्या म्हाताऱ्या मामांनी आल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक गोटा ठेवला होता. थोड्या वेळाने तो गोटा पाण्याखाली गेला. पाणी गढूळ झाले. काड्या, पाने वाहून येऊ लागली.

मामा ओरडले, "वर चला लेकरांनो! नदी रंग बदलायली!"

"मामा, इथं तर ऊन हाय की," एक जण म्हणाला.

"इथं ऊन असंल. वर पाऊस पडला असंल."

आम्ही झटकन काठावर आलो. आक्काने वही उघडली. गेल्या वर्षी ती अंगठा उठवीत होती. आज तिने एकेक नाव वाचले. १८ जणांनी ओ दिली. एक पोरगा कमी होता! तो खडकाच्या आडोशाला झोपला होता. दोघे धावले. त्याला उठवून आणले. घटकाभरात तो खडक पाण्यात बुडाला.

नदीचे पाणी लांबून येते. वर पाऊस झाला, तर इथे पूर येतो. वर इसापूरचे धरण आहे. त्याचे पाणी सोडले तरी नदी वाढते. आल्प्स पर्वतातल्या घळींतही असेच घडते. म्हणून घळीत जाताना एवढे ध्यानात ठेवा:

१. निघताना नावे लिहा. परतताना वाचा.
२. पाण्याच्या कडेला खूण ठेवा.
३. पाणी गढूळ झाले की लगेच वर या. सामान राहिले तर राहू द्या.
४. ओल्या खडकावर आणि खळग्याच्या काठी जाऊ नका.

प्रश्न

१. रांजणखळगे कसे होतात?
२. ऊन असताना नदी का वाढली?
३. आक्काच्या वाचण्याचा काय उपयोग झाला?