विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण : वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

कपाशी बोंडावर आलेली असावी, विहिरीला पाणी असावे आणि नेमके त्याच वेळी गावाचे रोहित्र जळावे, हा अनुभव वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला नवा नाही. रोहित्र बदलून मिळेपर्यंत पिकाचे जे व्हायचे ते होऊन जाते. मात्र ते का जळाले, हा प्रश्न गावात क्वचितच विचारला जातो. या 'का'चे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्याची पात्रता ज्या शिक्षणातून येते, ते विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण होय.

शिक्षणाची सोय

एके काळी या शिक्षणासाठी जिल्ह्यातील विद्यार्थ्याला घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. नागपूरचे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली आणि अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ साली स्थापन झाले. पुढे १९८३ मध्ये सेवाग्राम येथे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. जमनालाल बजाज यांनी १९१४ साली स्थापन केलेल्या शिक्षा मंडळाने २०१७ मध्ये वर्धा येथे बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था उभी केली. तेथे विद्युत अभियांत्रिकीची शाखा आहे.

ज्या वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून ज्ञान देणाऱ्या नयी तालीमचा पाया घातला गेला, तेथे हे शिक्षण रुजावे, हे उचितच होय. कारण केवळ पाठांतराने विद्युत अभियंता घडत नाही.

तीन वाटा

विजेच्या क्षेत्रात प्रवेश करण्याच्या तीन प्रमुख वाटा आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून विद्यार्थी वीजतंत्री किंवा तारतंत्री होतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेतल्यास त्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. तिसरी वाट बारावी विज्ञान शाखेनंतरची. त्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक असून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे आठ सत्रांचा असतो.

यांपैकी कोणतीही वाट कमी प्रतीची नाही. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला पदविकेची वाट अधिक सुरक्षित ठरते. मध्येच थांबावे लागले तरी हाती पात्रता राहते. शिक्षकांनी ही गोष्ट दहावीच्या वर्गातच पालकांना समजावून सांगावयास हवी.

अभ्यास कशाचा?

पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीची मूलतत्त्वे शिकविली जातात. पुढे विद्युत मंडले, यंत्रे, मापन, वीजप्रणाली, नियंत्रण व संरक्षण हे विषय येतात. शेवटी प्रकल्प करावा लागतो. या अभ्यासाचा गावाशी संबंध काय, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३,७३० वॅट. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास ती तारेतून सुमारे ४,६६० वॅट घेते. परंतु मोटारीला चुंबकीय क्षेत्र निर्माण करण्यासाठी आणखी काही प्रवाह लागतो. हा प्रवाह पाणी उपसत नाही, मात्र तारेत आणि रोहित्रात जागा अडवितो. उपयोगी वीज आणि एकूण भार यांच्या गुणोत्तरास पॉवर फॅक्टर म्हणतात. तो ०.८ असेल तर ४१५ व्होल्टच्या तीन फेज जोडणीवर मोटार सुमारे ८.१ अँपिअर प्रवाह ओढते. तिच्याजवळ सुमारे २ किलोव्हार क्षमतेचा कपॅसिटर बसविला तर तो जादा प्रवाह जागच्या जागी मिळतो, पॉवर फॅक्टर ०.९५ पर्यंत जातो आणि तारेतील प्रवाह ६.८ अँपिअरवर येतो.

तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे प्रवाहातील या घटीने त्या पंपामुळे होणारी हानी सुमारे २९ टक्क्यांनी कमी होते. १०० केव्हीए रोहित्राचा हिशेब केला, तर कपॅसिटर नसताना असे १७ पंप त्याची क्षमता संपवितात. कपॅसिटर असतील तर २० पंप चालू शकतात. म्हणजे त्याच रोहित्रावर आणखी तीन शेतकऱ्यांचे ओलित होते. कपॅसिटर काढून ठेवलेले आणि भार मात्र वाढत गेलेला, अशा ठिकाणी रोहित्र का तापते, याचे एक उत्तर या साध्या गणितात आहे.

बदलते क्षेत्र

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ मध्ये मागेल त्याला सौर कृषीपंप योजना आली. शेतीला दिवसा वीज मिळावी, हा यामागील हेतू होय. सौर प्रकल्प उभा करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वर्षानुवर्षे चालता ठेवणे महत्त्वाचे आहे. जोडणी, भूसंपर्क, वीज पडण्यापासून संरक्षण आणि देखभाल यांसाठी जाणकार माणसे जिल्ह्यातच तयार व्हावी लागतील.

गावाने काय करावे?

हुशार विद्यार्थ्याची जागा पुष्कळदा गुणांअभावी जात नाही. ती कागदपत्रांअभावी जाते. जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांची तयारी निकालानंतर सुरू केली तर उशीर होतो. अकरावीतच अर्ज करविण्याची जबाबदारी शाळा व ग्रामपंचायत यांनी वाटून घेतली, तर हे नुकसान टळू शकेल.

मुलींसाठी एक विशेष संधी आहे. शासनाच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के सवलत देण्यात आली. तथापि वसतिगृह, भोजन व प्रवास यांचा खर्च उरतोच. तो कसा भागवायचा, याचा विचार कुटुंबाने व गावाने आधीच करावयास हवा. शुल्क माफ झाले, पण राहण्याची सोय नाही म्हणून मुलगी घरी बसली, असे होता कामा नये.

विजेचा खांब गावात येणे ही विकासाची पहिली पायरी होती. त्या खांबावरील तारेत काय घडते, हे जाणणारा मुलगा किंवा मुलगी गावातून तयार होणे ही त्यापुढची पायरी आहे. ती चढण्याची सुरुवात गावच्या शाळेत, गणिताच्या तासाला होते.